मामा अठ्ठेचाळीसवर बाद

माझ्या बायकोचे मामा देवळात गेले तरी देवाकडे आधी संशयाने बघत आणि मग हात जोडत. विश्वास टाकावा असा माणूस त्यांच्या मते अख्ख्या पुण्यात जन्मलाच नव्हता. मंडईत गेले की आधी रिकामा तराजू उचलायला लावत आणि कमरेत वाकून, पारड्यांच्या पातळीत डोळा आणून मिनिटभर बघत राहत. "आजोबा, तुम्हीच बसा इथं, मी जाते घरी," असं एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, तर मामा माझ्या कानाशी लागले, "बघितलंत जावईबापू? पळायची घाई आहे. काहीतरी आहे." घड्याळ दुरुस्तीला टाकलं की बुधवार पेठेतल्या दुकानात ते स्वतः समोर स्टूल घेऊन बसत, आतला एखादा स्क्रू बदलला म्हणजे?

या सगळ्याचं मूळ एका सामन्यात होतं. कॉलेजात असताना, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्याही आधी, मामा विद्यापीठाकडून एकच सामना खेळले. अठ्ठेचाळीसवर असताना चेंडू बॅटीजवळून गेला, विकेटकीपरने तो धरून आरडाओरडा केला आणि अंपायरचं बोट वर गेलं. "बॅटीला शिवलासुद्धा नव्हता हो! धडधडीत खोटं ओरडला!" पुन्हा संघात बोलावणं आलं नाही, जन्म गेला शाळेत गणित शिकवण्यात. हे मी शंभरदा तरी ऐकलं असेल. खरं सांगतो, हा गृहस्थ मुळात खेळला तरी होता का, असा मलाच संशय होता. ना फोटो, ना कात्रण.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी एका सकाळी काठी टेकत एक थकलेले गृहस्थ मामांकडे आले. मी तिथेच होतो. तोच विकेटकीपर! बसताक्षणी म्हणाला, "नव्हता रे लागला चेंडू. मला ठाऊक होतं. जिंकायचं म्हणून ओरडलो. चाळीस वर्षं छातीवर धोंडा आहे. आता डॉक्टरांनीही हात टेकले, म्हणून आलो." बोलताना त्याला रडू आवरेना.

मला वाटलं, आता मामा सगळी आळी गोळा करणार. पण त्यांनी त्याच्याकडे नेहमीसारखं रोखून पाहिलं. "कशावरून नव्हता लागला?"

"अरे, मी मागेच तर..."

"आणि बॅट कोणाच्या हातात होती? बारीकसा लागला होता. मला तेव्हाच कळलं होतं. इतकी वर्षं मीच थापा मारतोय. चहा घे."

म्हातारा आधी बघतच राहिला, मग हसत सुटला. दोन कप चहा प्यायला आणि गेला.

"मामा, खरं काय?" मी विचारलं.

मामा खिडकीतून त्याची पाठमोरी चाल बघत होते. "त्याला झोप येत नाही, जावईबापू. मला येते."

त्यानंतर तो सामना मामांच्या तोंडून कधी ऐकला नाही. मी मुद्दाम विषय काढला, तर म्हणाले, "कसला सामना?" फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं मला. आता मामाही नाहीत आणि तो विकेटकीपरही नाही. चेंडू लागला नव्हता हे सांगणारा मी एकटाच उरलोय, आणि मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही.