ब्रदरच्या घरची चौथी खुर्ची

ब्रदर जेवायला बसला की आधी आपली चूक सांगायचा. रोज, मोठ्यानं, बायको-मुलासमोर. डोळे मिटून, "प्रभू, आज मी रिक्षावाल्यावर उगाच तडकलो, माफ कर," असं म्हणायचा आणि मगच डाळभाताला हात लावायचा. अंधेरीच्या आमच्या सोसायटीत त्याच्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर, त्यामुळे त्याची प्रार्थना थेट आमच्या आमटीत पडायची. एकदा तो म्हणाला, "आज लिफ्टपाशी सईच्या बाबांनी हाक मारली, मी मुद्दाम ऐकलं नाही." सईचा बाबा म्हणजे मी. मला पत्ताही नव्हता! पण माझी बायको हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. "ऐका जरा. याला म्हणतात माणूस." तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते लागलंच.

त्याचं खरं नाव शांतवन. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना तो "काय ब्रदर?" म्हणायचा, म्हणून तोच सगळ्यांचा ब्रदर झाला. मराठी ख्रिस्ती माणूस, बॅप्टिस्ट मंडळीतला डीकन म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक, एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत स्टोअरकीपर. दारू नाही, शिवी नाही, रविवारची उपासना चुकवणं नाही. सोसायटीच्या गणपतीत आरतीला उभा राहणार नाही, हे तोंडावर सांगायचा. पण मांडवाच्या माळा शिडीवर चढून तोच लावायचा. "तुमची आरती तुमची, माझी प्रार्थना माझी. शॉर्टसर्किट झालं तर मात्र सगळ्यांचं." नावं ठेवायला म्हणून या माणसानं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. नुसता वैताग!

त्याच्या घरी माणसं तीन – तो, मार्थावहिनी आणि मुलगा डॅनियल – पण टेबलाला खुर्च्या चार. चौथी येईल त्याची. ती माझ्या सईनं बळकावली. डॅनियलशी खेळायला म्हणून जायची ती जेवूनच परत यायची. इकडे तिच्या आईनं केलेलं बांगड्याचं तिखलं गार, आणि तिकडे कन्या ब्रदरच्या घरी साधं वरण चाटूनपुसून खातेय. बरं, ती तिथं बोलायचीसुद्धा! शाळेत कुणाशी भांडली, कुणाची पेन्सिल लपवली, सगळं. मला ते खिडकीतून कळायचं. माझी पोरगी, आणि तिची बातमी मला शेजारच्या खिडकीतून!

मग मीही एक दिवस टीव्ही बंद केला. म्हटलं, त्यात काय मोठं? आपणही करू. सगळ्यांना ताटावर बसवलं आणि म्हणालो, "हं सई, बोल. आज काय चूक केलीस?" तिचा घास तोंडातच राहिला. बायको खो-खो हसत सुटली. दुसऱ्या दिवशी मी जिन्यात ब्रदरला धरलं. "काय रे, तुझ्या घरी पोरं पोपटासारखी बोलतात, आमच्याकडे तोंडाला कुलूप." तो म्हणाला, "आधी तू बोललास का?" मी म्हटलं, "मी कशाला बोलू? मी बाप आहे." तो नुसता हसला. त्याचं ते हसणं माझ्या डोक्यात गेलं.

त्याला टोचायला मला एकच जागा सापडली होती. त्यांच्यात लहान बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. मोठं झाल्यावर ज्यानं त्यानं स्वतः ठरवायचं आणि पाण्यात उतरायचं, मग पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, त्याला पाण्याखाली नेऊन वर काढतात. वर्षं गेली, पोरं मोठी झाली, डॅनियल कॉलेज संपवून नोकरीला लागला, तरी उतरला नव्हता. डीकनचाच मुलगा! मंडळीत कुजबुज होती. मी मुद्दाम विचारलं, "काय ब्रदर, जगाला शिकवतोस आणि घरचाच पोरगा कोरडा?" मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "उतरायचं त्यानं, बुडवायचं पाळकांनी. बापानं काठावर टॉवेल धरून उभं राहायचं. ढकलायचं नाही."

हे मला झोंबलं, कारण तेव्हा मी सईला सीएकडे ढकलत होतो. आणि नेमकं पुढच्याच आठवड्यात कळलं की तिनं सीए सोडलंय, तिला बालवाडीत शिकवायचंय. कळलं कुठून? त्याच खिडकीतून! मी तसाच बनियनवर त्याच्या दारात. "माझ्या पोरीला फूस लावतोस?" वहिनी घाबरून उभ्या राहिल्या. ब्रदर हळूच म्हणाला, "मी तिला आधी तुलाच सांगायला सांगितलं होतं रे. ती म्हणाली, बाबा ऐकायच्या आधीच ओरडतात." मी तिथं ओरडतच उभा होतो. तसाच बनियनवर परत फिरलो.

त्या संध्याकाळी खिडकीतून आवाज आला, "प्रभू, आज माझ्यामुळे एक बाप दुखावला. मी पोरीला वेळेवर घरी पाठवायला हवं होतं." आणि दुसऱ्या दिवसापासून तो सईला सांगू लागला, "आज घरी जेव बेटा, बाबा वाट बघतायत." म्हणजे माझी मुलगी मला परत केली तीसुद्धा यानंच! सई घरी जेवू लागली खरी, पण मान खाली घालून, मुकाट.

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या करंज्या तळून झाल्या होत्या आणि ब्रदर खुर्चीतच गेला. हार्ट. कबरस्थानात वहिनींनी सईला हाताला धरून घरच्यांच्या रांगेत घेतलं. तिनं मूठभर माती टाकली आणि अशी रडली, अशी रडली... मी मागे उभा राहून काय विचार करत होतो, सांगू? मी गेल्यावर ही अशी रडेल का? माणूस पेटीत होता, तरी माझा हेवा जिवंत.

ईस्टरच्या आधी डॅनियल आमच्या घरी आला. "काका, मी बाप्तिस्मा घेतोय. टॉवेल तुम्ही धराल? पप्पा तर... सई म्हणाली, बाबांना विचार." मी सईकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही.

प्रार्थनागृहातल्या व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली हौद आहे. डॅनियल आपल्या पायानं उतरला. पाळकांनी त्याला मागे झुकवून पाण्याखाली नेलं, वर काढलं. नाकातोंडातलं पाणी झटकत त्यानं आधी काठाकडे पाहिलं. तिथं मी होतो. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि त्याचं डोकं पुसलं.

बायको वहिनींना सोबत म्हणून मागे थांबली. रिक्षात मी आणि सई, माझ्या मांडीवर ओला टॉवेल. मी म्हणालो, "आज आधी मी बोलतो. टॉवेल धरतानासुद्धा मला ब्रदरचा हेवाच वाटला गं. पोरगा वर आल्याबरोबर बापाला शोधत होता. मला कुणी असं शोधणार नाही."

सईनं टॉवेल माझ्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतला. मग म्हणाली, "बाबा, मला एक सांगायचंय. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही."

"बोल," मी म्हणालो, आणि घर येईपर्यंत तोंड उघडलं नाही.