फाटकाकडे तोंड करून बसणारे मामा

हिंगोली जिल्ह्यात देवाला लपायला एकसुद्धा जागा माझ्या मामांनी शिल्लक ठेवली नव्हती. बाकीची माणसं देवाला भेटायला रविवारी जातात, ठरलेल्या वेळी, इस्त्रीचे कपडे घालून. मामांना वारही लागत नसे आणि वेळही. कळमनुरीच्या आठवडी बाजारात, बसस्टँडवर, पिठाच्या गिरणीत, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना, कुठंही ते त्याला हुडकत असत. ओळखीचं कुणी भेटलं की आपण तब्येतीची विचारपूस करतो. मामा चष्म्यावरून रोखून बघत विचारायचे, "काय वो, आज प्रभू कुठं दिसला?" कांदे विकणाऱ्या बाईला विचारायचे, पोस्टमनला विचारायचे, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही विचारायचे. पाळकसाहेब एकदा म्हणाले, "अहो मामा, चर्चमध्ये, आणखी कुठं?" त्यावर मामा म्हणाले, "त्यो तर पत्ता झाला साहेब. दिसला कुठं?" पाळकसाहेब त्या दिवसापासून बाजाराच्या दुसऱ्या टोकानं भाजी घ्यायला लागले.

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी एका कंडक्टरला हाच प्रश्न टाकला. कंडक्टर गर्दीनं वैतागलेला होता. "आत्ताच कनेरगाव नाक्याला उतरला बघा," तो म्हणाला. सगळी बस हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी पिशवी उचलली आणि खरोखरच नाक्याला उतरले. संध्याकाळी घरी आले ते चेहरा उजळून. मामींनी विचारलं, "सापडला का?" मामा म्हणाले, "व्हय ना. ढाब्याच्या मागल्या अंगाला भांडी घासून राहिला होता. म्हातारा माणूस. अंगात ताप, तरी मला बसायला आधी पाट पुसून दिला त्यानं." मामींनी कपाळावर हात मारला आणि चुलीवर चहा ठेवला. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे दोन्ही एकाच वेळी करण्यात प्रावीण्य मिळवलं होतं.

मामा आयुष्यभर जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टर रजेवर असले की सुया टोचणं. त्यामुळं खेड्यापाड्यांत त्यांनाच डागदर म्हणत. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी त्यांच्या शर्टाला फिनेलचा वास येई आणि हाताला जुनी सवय होती. पाहुणा आला की त्याच्या पाठीवर थाप पडायची ती बैलाला मारतात तशी, आणि थाप पडल्यावर त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून "खाणं बराबर हाय न्हवं?" अशी चौकशी व्हायची. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचीही पापणी ओढली होती. लग्न मोडलं नाही, हे मी आजही प्रार्थनेचं फळ समजतो.

प्रार्थनेचाही त्यांचा कायदा निराळा होता. सगळी मंडळी डोळे मिटायची आणि मामा टक्क उघडे ठेवायचे. मी लहानपणी एका डोळ्यानं चोरून बघायचो, तर ते माझ्याकडेच बघत असायचे. "मामा, डोळे काहून मिटत न्हाई तुमी?" असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "डोळे मिटून कुणाला वळखता येतं का रे?" पण सगळ्यांत मोठी तऱ्हा म्हणजे त्यांची बसायची जागा. आमचं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली आणि समोर लोखंडी फाटक. मामा शेवटच्या बाकावर बसायचे आणि तेही तिरके, अर्धी पाठ पाळकसाहेबांकडे आणि तोंड फाटकाकडे. फाटक जरा करकरलं की मामा उठलेच. गीत चालू असो, प्रवचन चालू असो. एकदा एक वाटसरू तहसील कचेरी कुठं आहे हे विचारायला आला, तर त्याला पत्ता सांगून मोकळं होण्याऐवजी मामांनी आत आणून बसवलं, पाणी दिलं, आणि मग ऐन प्रवचनात त्याच्याबरोबर कचेरीपर्यंत चालत गेले. रविवार होता. कचेरी बंद होती. परत आल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "मामा, उपासना चालू होती." मामा म्हणाले, "व्हय ना. म्हून तर गेलो होतो."

मी हिंगोलीच्या एका शाळेत मास्तर आहे. मधल्या सुट्टीत डबे उघडले की मामांचा एखादा किस्सा सांगायचा हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. कंडक्टरचा किस्सा तर मी इतक्यांदा सांगितला की शिपायालाही पाठ झाला होता. हे सगळं कुठून आलं, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आपल्या माणसाचं वेड आपण त्याच्या नाकासारखंच गृहीत धरतो.

चार-पाच वर्षांपूर्वी डोंगरकड्याला एका नातेवाइकांकडे घरप्रार्थना होती. मामांना मोटारसायकलवर मागे बसवून मी निघालो. नेहमीच्या रस्त्यावर पुलाचं काम काढलेलं होतं, म्हणून तांड्याकडून जाणारा आडरस्ता धरावा लागला. मामांनी मागून माझा खांदा धरला. "हिकडून नको रे. कुत्री लय हायेत." मी म्हणालो, दुसरा रस्ताच नाही. थोड्या वेळानं, "खड्डे हायेत." मग, "मला जरा मळमळून राहिलं, थांबव." तांड्याची घरं दिसायला लागली तशी मी गाडी थांबवली. मामा उतरले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. चेहरा उतरला होता. मी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी नुसतीच हातात धरली.

"या तांड्यावर मी तीस वर्षं आलो न्हाई," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. नाताळच्या आधीचा रविवार होता. परगावची वडीलधारी मंडळी उपासनेला आलेली. तेव्हा चर्चमध्ये गाणी मामाच म्हणायचे. सगळ्यात पुढं उभे राहून, टाळ्यांचा ठेका देत. मला हे माहीतच नव्हतं. माझ्या आठवणीत मामा चर्चमध्ये कधी ओठसुद्धा हलवत नसत. गाणं रंगात आलेलं असताना फाटकाशी तांड्यावरचा एक माणूस येऊन उभा राहिला. हातात नुसतं दावं, अंग घामानं भिजलेलं. त्याच्या बैलानं हिरवी ज्वारी खाल्ली होती आणि पोट फुगलं होतं. घेऊन येत असताना बैल अर्ध्या वाटेत बसला, म्हणून तो एकटाच पळत आला होता. दवाखाना बंद, म्हणून चर्चवर. त्यानं फाटकातून हात हलवला.

"मी बघितलं त्याला," मामा म्हणाले. "जनावर मरायला टेकलंय हे त्याच्या तोंडावरून कळत होतं मला. एक सुई टोचायची, वारा काढायचा, संपलं. पण मी हातानं खूण केली, थांब म्हून. ते गाणं झालं. पाहुण्यांनी आणखी एक होऊ द्या म्हणलं, ते पण झालं. प्रभू ये, प्रभू ये, म्हणून गाऊन राहिलो होतो मी. बाहेर आलो तर फाटकात कुणी न्हाई. सायकल काढून गेलो. बैल वाटेतच पडला होता. तो माणूस त्याच्या मानेवर हात ठेवून बसला होता. माझ्याकडं बघितलं पण न्हाई त्यानं." मामांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "फाटकात कोण आलं होतं ते मला वळखू आलं न्हाई रे. दावं घेऊन आला होता तो."

इतक्या वर्षांचे किस्से माझ्या तोंडात कडू झाले. आणि अशा वेळी माणूस करतो तेच मी केलं. चुकीचं, पण खरं बोललो. "मग मामा, सगळीकडं हुडकता त्याला. या तांड्यावर नसतो का तो?"

मामा उठले, पँटची माती झटकली आणि म्हणाले, "गाडी हितंच राहू दे. चालत जाऊ."

तो माणूस आता म्हातारा झाला होता. दारासमोर बाजेवर बसून सुताचा पीळ सोडवत होता. मामा त्याच्यापुढं उभे राहिले, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे. "वळखलं का बापू?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. "डागदर. केस पांढरे झाले तुझे."

"त्या दिवशी मी..."

"आठवतं मला." पीळ सोडवणारी बोटं थांबली. "तू गाऊन राहिला होतास. मी फाटकात उभा होतो. आवाज चांगला होता तुझा." मग पुन्हा पीळ सोडवत म्हणाला, "दोन वर्ष तुमच्या देवाला शिव्या घातल्या म्या. मग सुटलं ते. किती दिवस घालावं माणसानं?"

पाठ केल्यासारखं काहीतरी मामा बोलायला लागले होते, तेवढ्यात आतून म्हातारी आली. तिला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं, किंवा सगळंच ठाऊक होतं. मला आजवर उलगडा झालेला नाही. "डागदर हाय का हा?" तिनं विचारलं. "मंग उभा काहून केला त्याला? शेळी दोन दिस झाले खाऊन न्हाई राहिली. बघा म्हणावं जरा."

म्हाताऱ्यानं मामांकडं बघितलं. मग बाजेवरून उठला, शेळी सोडून आणली आणि तिचं दावं मामांच्या हातात दिलं. मामा प्रार्थनेसाठी घातलेल्या पांढऱ्या पँटीनिशी शेणामातीत गुडघे टेकून बसले. शेळीचा जबडा उघडला, दोन बोटं आत घातली, आणि गालात रुतलेला बाभळीचा काटा हळूच ओढून काढला. शेळीनं कृतज्ञता म्हणून त्यांची बाही चावली. म्हातारा खळखळून हसला. मामाही हसले आणि हसताहसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली, ती त्यांनी पुसली नाही, कारण दोन्ही हात शेळीच्या लाळेनं भरले होते.

चहा झाला. मामा आणि म्हातारा गुरांबद्दल, पाण्याबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलत बसले. त्या दिवशीचं पुन्हा कुणी काढलं नाही. डोंगरकड्याला पोचलो तेव्हा घरप्रार्थना संपून पाळकसाहेब चपला घालत होते. त्यांनी आधी घड्याळाकडं आणि मग मामांच्या पँटीकडं बघितलं. मामांनी त्यांना कडकडून मिठी मारली. साहेबांचा पांढरा सदराही शेणानं माखला.

परतताना मी विचारलं, "मामा, माफ केलं का त्यांनी?"

"म्हाईत न्हाई," मामा मागून म्हणाले. "पण शेळी दिली ना हातात."

मधल्या सुट्टीत हे मात्र मी कधी सांगितलं नाही.

मामी गेल्यानंतर ताई, म्हणजे मामांची लेक, त्यांना पुण्याला घेऊन गेली. सातव्या मजल्यावर राहतात. ताईचा फोन आला की तक्रारी ऐकायला मिळतात. दाराला भिंग बसवलंय, त्यातून आधी बघायचं आणि मग उघडायचं, हे त्यांना पटत नाही. बेल वाजली की सरळ दार उघडतात. पार्सलवाल्यांना बसवून पाणी देतात, पापणी ओढून बघतात. एक जण तर दमून सोफ्यावर अर्धा तास झोपला, आणि मामा त्याच्याशेजारी बसून पेपरानं वारा घालत होते.

मागच्या आठवड्यात मी मामांशी बोललो. ताईची काळजी त्यांच्या कानावर घातली. म्हटलं, निदान भिंगातून बघत तरी जा.

"कोण हाय ते बघून उघडलं, तर काय उघडलं रे?" ते म्हणाले. पूर्वीसारखंच, पण आवाज पातळ झाला होता. मग एखादी चूक कबूल करावी तसं हळू म्हणाले, "पण आता दारापर्यंत लवकर पोचणं होत न्हाई मला. गुडघे धरतात. म्हून बेल वाजली की आतूनच आवाज देतो मी. थांबा वो, आलो, आलो. जाऊ नका."