खोडलेली ओळ

“चूक पुसू नका, खोडा. खालचं दिसलं पाहिजे.”

माझी आतेबहीण हे वाक्य उठता-बसता बोलायची. भाजी करपली तरी हेच, पाहुण्याचं नाव चुकलं तरी हेच. ऐकून ऐकून घरातल्यांचे कान किटले होते. पण हे वाक्य आलं कुठून, ते आम्हा दोघा-तिघांनाच ठाऊक होतं, आणि ते सांगितल्याशिवाय तिची गोष्ट पुढे सरकत नाही.

तिचा बाप लाकडाच्या वखारीत करवतीवर होता. दिवसभर ओंडके उचलणारा हात. घरी आल्यावरही तो हलका व्हायचा नाही. आत्याचं डोकं त्याने भिंतीवर किती वेळा आपटलं याची मोजदाद नाही. पण त्याची एक रीत होती. आपटून झालं की तो स्वतः ओलं फडकं घ्यायचा, भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पुसायचा, फडकं पिळून दोरीवर टाकायचा आणि म्हणायचा, “झालं. काही झालं नाही.” संध्याकाळी शेजारीण डोकावली की तिला लख्ख भिंत दिसायची. “तुझा नवरा घराला किती जपतो गं!” भिंत इतकी स्वच्छ, की आत्याच खोटी ठरायची.

नऊ वर्षांची असताना पोरीने चुलीतला कोळसा उचलला आणि भिंत जिथे पुसली होती तिथे गोल काढला. त्या गोलापायी बापाने तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड वाकडंच जुळलं. डावा खांदा जन्मभर उजव्यापेक्षा खाली राहिला. गोल मात्र त्याने पुसला नाही. का, ते त्याचं त्याला ठाऊक.

मोठी झाल्यावर ती छापखान्यात लागली. छापण्याआधी मजकूर तपासायचं काम. ओळीखाली स्टीलची पट्टी धरायची आणि ती सरकवत सरकवत वाचायचं. बावीस वर्षांत ती पट्टी तिचं सहावं बोट झाली, आणि नावही तेच पडलं: पट्टी. छापखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, नाव उरलं आणि कमरेला खोचलेली ती पट्टी उरली.

पुढे तिला एका वेबसाइटवर काम मिळालं. घर कसं आवरावं ते सांगणारी वेबसाइट. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्यात एक मालकीण, एक टक्कल पडलेला चेष्टेखोर फोटोवाला आणि ही. कपाटातल्या घड्या, स्वयंपाकघरातले डबे, जिन्याखालची अडगळ, असे शेकड्यांनी लेख. हिच्याकडे दोन कामं होती: जुने लेख ताजे करायचे, आणि ‘चूक कळवा’ नावाच्या पेटीत आलेली वाचकांची पत्रं वाचून दुरुस्ती करायची. दुरुस्तीची रीत तिची स्वतःची. चुकलेली ओळ जागच्या जागी ठेवायची, तिच्यावर आडवी रेघ मारायची. खाली बरोबर ओळ, तारीख, आणि चूक कशी झाली ते दोन वाक्यांत.

“लोक आवरलेलं घर बघायला येतात,” मालकीण म्हणायची, “आपला केर बघायला नाही.”

“केर दिसला की कळतं बाई, इथे कुणीतरी झाडतंय.”

“पट्टीताई, वेबसाइट कसली, नापासाची उत्तरपत्रिका वाटते,” फोटोवाला मध्येच टाकायचा.

पण वाचक वाढत होते. एकीने लिहिलं होतं, ‘मी तुमचा लेख खालून वर वाचते, आधी चुका, मग सल्ला.’ म्हणून मालकीण दात-ओठ खात गप्प बसायची.

त्यातला एक लेख बुटांच्या मांडणीचा होता. तीन खणांची, गुडघ्याएवढी लाकडी मांडणी. ‘भिंतीला भोकं पाडायची गरज नाही’ ही ओळ त्या मांडणीपुरती खरी होती. लेख जुना झाला, फोटो शिळा दिसायला लागला. मालकिणीने सांगितलं, नवा फोटो लावा, आता उंच मांडण्या चालतात. फोटोवाल्याने सहा खणांची, माणसाच्या डोक्यावर जाणारी, पुस्तकांनी गच्च भरलेली मांडणी टिपली. पट्टीने फोटो बदलला, तीन खणांचे सहा केले, बुटांच्या जागी पुस्तकं लिहिली. त्या दिवशी तिला चौदा लेख संपवायचे होते आणि हा चौदावा होता. पडद्यावरची पट्टी भराभर सरकली. भोकांची ओळ तशीच राहिली.

चार दिवसांनी कुणीतरी पेटीत विचारलंही होतं, ‘उंच मांडणी डुगडुगते, काय करू?’ पण मालकिणीचा हुकूम होता, आधी नवं उरका, पेटी मग उघडा. ते पत्र नऊ दिवस पेटीत पडून होतं. दहाव्या दिवशी एका वेल्डरच्या घरात तशीच मांडणी पडली.

त्याची सहा वर्षांची मुलगी वरच्या खणातलं पुस्तक काढायला दुसऱ्या खणावर चढली. मुळं सुटलेलं झाड यावं तशी मांडणी अंगावर आली. मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर निघालं, कानावरचं कातडं केसांसकट सोललं गेलं. बाप आतून धावला. त्याने एकट्याने ती मांडणी उचलून फेकली. नंतर ती दोघांना हलेना.

हॉस्पिटलातून त्याने पेटीत लिहिलं, ‘तुमचं वाचून लावली होती. माझी पोर मोडली.’

ते पत्र मालकिणीच्या हाती आधी लागलं. तिची पाचावर धारण बसली. तिने लेख उघडला, भोकांची ओळ काढून टाकली आणि तिथे ‘दोन स्क्रूंनी भिंतीला पक्की करा’ असं लिहिलं. तारीख जुनीच ठेवली. ना रेघ, ना खुलासा.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर वेल्डर बायकोच्या दोन भावांना सांगत होता, “मी वाचून केलं. स्क्रू लागत नाही म्हणून लिहिलंय तिथे.” थोरल्या मेहुण्याने फोन काढून लेख उघडला.

“इथे तर स्क्रू मारा म्हणून लिहिलंय. तुला धड वाचता येत नाही, आणि खोटंही बोलता येत नाही होय रे?”

दोघांनी त्याला पायऱ्यांवरच घेतला. धाकट्याने हात मागे धरले, थोरल्याने तोंडावर मारलं, मारतच राहिला. पुढचे दोन दात पायरीवर पडले. बायको दारात उभी होती. तिने अडवलं नाही. “त्याला माझ्या पोरीजवळ येऊ देऊ नका,” एवढं म्हणाली आणि आत गेली. दोन दिवस दोघे भाऊ दाराशी पहाऱ्याला बसले. आतून पोर ‘बाबा, बाबा’ करायची, आणि ते बाहेर ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो हातोडा घेऊन ऑफिसात आला.

पहिला घाव दाराच्या काचेवर, दुसरा पट्टीच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. फोटोवाला मध्ये पडला, त्याच्या बरगडीत दांडा बसला आणि तो भिंतीला टेकत खाली घसरला. “अरे, झालं काय ते तरी सांग!” पट्टी ओरडली. त्याने तिच्या झिंज्या धरल्या, तिला मालकिणीच्या टेबलापर्यंत फरफटत नेलं आणि तिचं तोंड उघड्या लॅपटॉपशेजारी दाबलं. तिथे तो लेख उघडाच होता.

“वाच! ही स्क्रूची ओळ वाच! मी मांडणी लावली तेव्हा ही नव्हती. माझी पोर आत मोडून पडलीय आणि मला तिचं तोंड बघू देत नाहीत, या ओळीपायी!”

गाल टेबलाला चिकटलेला, तशातच तिने ओळ वाचली. ओळ तिची नव्हती.

“सोड मला बाबा,” ती म्हणाली. “तू खरं बोलतोयस. दाखवते तुला.”

खरं बोलतोयस, हे तीन दिवसांत त्याला कुणी म्हटलं नव्हतं. मूठ सैल झाली.

वेबसाइटच्या पोटात प्रत्येक लेखाच्या जुन्या प्रती राहतात. कुणी, कधी, काय बदललं, सगळं. तिने त्या काढल्या. परवाच्या बदलावर मालकिणीचं नाव होतं. त्याच्या आधीच्यावर तिचं स्वतःचं.

“मूळ चूक माझी आहे,” ती त्याला म्हणाली. “फोटो मी बदलला, ओळ मी ठेवली.”

हातोडा वर गेला. तिने मान मागे घेतली नाही. घाव टेबलावर बसला, तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, आणि फळी उभी चिरली.

“पट्टीताई, बंद करा ते!” कोपऱ्यात उभी असलेली मालकीण पुढे आली. “बदललंय ना मी? आता बरोबर आहे ना? मग झालं! मला कोर्टात उभं कराल तुम्ही.”

“याला पोरीच्या दाराबाहेर उभं केलंय बाई, त्याचं काय?” असं म्हणून ती लिहायला लागली.

मालकिणीने लॅपटॉपचं झाकण दोन्ही हातांनी तिच्या बोटांवर आपटलं आणि वर आपला सगळा भार टाकला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. पट्टीने जन्मात कुणावर हात उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला. उजवा हात ओढून काढला, कमरेची स्टीलची पट्टी उपसली आणि मालकिणीच्या तोंडावर आडवी हाणली. गाल ओठापर्यंत फाटला. पुढे कुणी हा विषय काढला की ती म्हणायची, “मारलं मी. पुसत नाही.”

मग डाव्या हाताची दोन मोडकी बोटं मांडीवर ठेवून तिने उजव्या हाताने लिहिलं. भोकांची जुनी ओळ परत आणून तिच्यावर रेघ मारली. मालकिणीच्या ओळीखाली परवाची खरी तारीख टाकली. आणि त्याखाली: ‘फोटो आणि खण मी बदलले, वरची ओळ बदलायची राहिली. अपघातानंतर ती गुपचूप बदलली गेली. ज्यांनी वाचून मांडणी लावली, त्यांनी आम्ही सांगितलं तेच केलं.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव.

“पट्टीताई, कागद यंत्रात आहे,” जमिनीवरून फोटोवाला कण्हला, “श्वास तेवढा माझ्यात नाही.” तरी त्यानेच उठून पानं छापून दिली.

पट्टी वेल्डरबरोबर हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर गेली. हातोडा त्याने वाटेत एका गटारात टाकला होता.

“ही कोण?” थोरला मेहुणा उठला. “साक्षीदार भाड्याने आणलीस?”

“ते मी लिहिलंय,” ती म्हणाली. “याने माझं वाचलं आणि तसंच केलं.”

त्याने कागद हिसकावून फाडले आणि तिच्या थोबाडीत मारली. ती दोन पायऱ्या खाली कोसळली, मोडक्या हातावरच. उठली.

“आणखी मार. पण आधी फोनवर बघ. आत्ता उघड.”

फोन धाकट्याने उघडला. तो मोठ्याने वाचत गेला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली खाली जात राहिला. वेल्डरची बायको दारात आली. तिने भावाच्या हातातून फोन घेतला आणि दोनदा वाचलं.

“माझ्या पोरीची मांडी तुम्ही मोडलीत,” ती पट्टीला म्हणाली.

“हो.”

“मी माफ करणार नाही.”

“ते मागायला आले नाही.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. सुजलेलं तोंड, दातांच्या जागी काळी फट. तिने त्याच्या शर्टाची बाही धरली आणि त्याला आत नेलं. भावांनी वाट सोडली.

“हात बांधून घ्या तुमचा,” थोरला ओशाळून म्हणाला. “आत डॉक्टर आहेत.”

“जिथे ती पोर आहे तिथे मी बसू? दुसरीकडे बांधेन.”

ती पायऱ्या उतरली. मोडका हात छातीशी धरून, एक खांदा खाली सोडून, रस्त्याच्या कडेकडेने चालू लागली. थोरला मेहुणा पायरीवर उभा होता. त्याच्या उजव्या मुठीवर वेल्डरच्या दातांनी फाटलेली कातडी अजून ओली होती. ती मूठ दुसऱ्या हाताने दाबून धरत तो तिच्याकडे बघत राहिला, ती वळणाआड जाईपर्यंत.