डिस्टिल्ड पाण्याचे मामा

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मामा एकच परीक्षानळी तीनतीनदा धूत. आधी बोअरच्या पाण्याने, मग दोनदा डिस्टिल्डने. कुणी नुसत्या बोअरच्या पाण्यावर भागवलं, तर ते रागावत नसत. त्यांचा चेहरा पडायचा. "त्या पाण्यात क्लोराइड हाय, पोरी. डोळ्याला दिसत नाय म्हणून नाय म्हणायचं का?"

सातवी शिकलेले मामा फुलंब्रीहून रोज एसटीने येत. अकरा वर्षं झाली तरी हंगामीच होते. सर फळ्यावर शिकवायचे ते आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, मला कधी कळले नाहीत. अणूने इलेक्ट्रॉन दिला की त्याच्यावर उणे प्रभार येतो, असंच मी लिहायचे. दिलं म्हणजे कमी झालं, हे माझं गणित. मामा बेसिनपाशी उभे राहून म्हणाले, "अगं, इलेक्ट्रॉन सोताच उणा हाय. उणं बाहेर गेलं तर मागं अधिकच राहणार ना? सोडियम देतो, क्लोरीन घेतो." त्यानंतर मी कधी चुकले नाही.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत अनोळखी क्षारातले आयन ओळखायचे होते. मामांनी लावलेल्या सवयीने मी आधी परीक्षेसाठी ठेवलेल्या नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पाहिलं. पांढरं गढूळ झालं. म्हणजे क्लोराइड पाण्यातच होतं. मी नळी बाजूला ठेवली आणि गप्प बसले. बोलले तर परीक्षा थांबेल, आणि माझं उत्तर तर बरोबर येणारच होतं. बाकीच्यांनी बिनधास्त क्लोराइड लिहिलं.

तासाभराने मामा नळ्या गोळा करायला आले, माझ्या टेबलावर बाजूला ठेवलेली ती नुसत्या पाण्याची गढूळ नळी पाहून थबकले आणि थेट बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, सकाळच्या गडबडीत माझ्या हातून डिस्टिल्डच्या आणि बोअरच्या कॅनची अदलाबदल झाली. लेकरांचं लिहिलेलं धरू नका."

सगळ्यांची परीक्षा पुन्हा झाली. मामांना कायम करण्याचे कागद त्याच वर्षी जाणार होते. ते गेले नाहीत, आणि जूनमध्ये मामाही दिसले नाहीत.

आता मी चितेगावच्या एका कारखान्यात पाणी तपासते. गेल्या वर्षी धीर करून मामांच्या घरी गेले. ते खाटेवर पडून होते. मी सगळं सांगून टाकलं. मला आधीच कळलं होतं, मी वेळेवर बोलले असते तर कॅन बदलता आला असता आणि तुमची नोकरीही राहिली असती.

"ठावं हाय," मामा म्हणाले. "तुझ्याच नळीवरून तर मला कळलं."

"मग माझं नाव का नाही सांगितलं?"

"पाणी मी भरलं व्हतं ना, पोरी."

दिवाळीनंतर मामा गेले. भेटायला गेले त्या दिवशी त्यांच्यापुढे रडायला हवं होतं. मी चहा पिऊन निघून आले.