पुढचा कोण, मागचा कोण?

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरात एक भाषेची मास्तरीण असली आणि वीकेंडला चहाला शेजारी येत असले, की ते आपोआप साठतात!

माझी बायको मुग्धा इथे दुबईतल्या एका युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्र शिकवते. सध्या तिच्या डोक्यात ब्लॅकफूट शिरली आहे. कॅनडा-अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची ही भाषा. तिच्यात एका गोष्टीत दोन 'तो' आले, की दोघांना सारखा मान नाही. ज्याची गोष्ट चाललीय तो पुढचा, दुसरा मागचा. कोण कुठला, हे नामाच्या शेपटावरूनच कळतं.

*

शेजारचे वझेकाका आठवडाभर दीड-दोन तासांवरच्या फुजैराला, एका शिपिंग ऑफिसात असतात. एकदा तिथलं भांडण रंगवून सांगत होते.

"तो त्याला म्हणाला, तुझीच चूक. मग त्याने त्याची फाइल त्याच्याच अंगावर फेकली!"

"काका, थांबा," मुग्धा म्हणाली. "कोणी कोणाची फाइल कोणावर फेकली? ब्लॅकफूटमध्ये हा घोळच झाला नसता."

"अगं, तेच तर एचआर सोमवारपासून विचारतंय!"

*

गोष्टीच्या मध्येच पुढचा-मागचा बदलताही येतो. आमच्या लेकीला, इराला मुग्धाने ते सिंह आणि सशाच्या गोष्टीवरून समजावलं. विहिरीपर्यंत सिंह पुढचा, तिथून ससा पुढचा.

इरा शांतपणे म्हणाली, "सो द लायन गॉट डिमोटेड. डिड ही गेट अ नोटीस पीरियड?"

दुबईत वाढलेली पोर ती!

*

सगळ्यात गाजला तो एक नियम. 'अमक्याची बायको', 'तमक्याचा मुलगा' असं म्हटलं, की तो माणूस आपोआप मागचा. अमका पुढे, त्याची बायको मागे. त्यात सूट नाही.

वझेकाकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "काय गं, ही भाषा इथल्या व्हिसा ऑफिसात जन्मली का?"

मुग्धा तेव्हा माझ्याच व्हिसावर होती. मी स्पॉन्सर, ती आणि इरा डिपेंडन्ट. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

*

उन्हाळ्यात माझी नोकरी गेली. माझा व्हिसा कॅन्सल म्हणजे दोघींचाही कॅन्सल. मुग्धाने युनिव्हर्सिटीकडून स्वतःचा व्हिसा घ्यायचा आणि मला, इराला स्पॉन्सर करायचं, एवढा एकच मार्ग उरला होता. नाहीतर खलास, बाडबिस्तरा गुंडाळून पुण्याला परत.

मुग्धाने तिचा व्हिसा करून घेतला. मी मात्र "इन्शाल्ला, मिळेल काहीतरी" म्हणत दिवस ढकलत होतो. बायकोच्या नावावर राहायचं हे मला फार लागलं होतं. तिने एकदाही घाई केली नाही. देश सोडायची मुदत संपत आली तेव्हा मीच म्हटलं, "चल."

सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या मल्याळी भाईने आमच्याकडे न बघताच टाइप करायला घेतलं.

"सर स्पॉन्सर, मॅडम डिपेंडन्ट. करेक्ट?"

मुग्धा पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधत राहिली.

मी काउंटरवर वाकलो. "नहीं भाई, उल्टा. स्पॉन्सर मॅडम हैं. ये मेरी नहीं, मैं इनका हूँ."

त्याने मान वर केली नाही.

"सर, घर में तो सबका ऐसाइच है. पासपोर्ट दो!"