मामीचे डोळे उघडे असलेला एकमेव फोटो

प्रथम क्षमा मागते. या सदरातील अनुभव मी अनेक वर्षे वाचत आले आहे, आणि प्रत्येक वेळी ‘लिहिणे हे आपले काम नव्हे’ अशी मनाशी खात्री करूनच अंक मिटत आले आहे. मी चिखलीच्या एका शाळेत भूमिती शिकवत होते. जे सिद्ध करता येत नाही ते फळ्यावर लिहायचे नाही, एवढीच माझी शिस्त. भूत, भानामती, करणी यांपैकी कशावरही माझा कधी विश्वास नव्हता... आणि आजही आहे, असे म्हणवत नाही. आमच्या घरी वडिलांनी बुद्धवंदनेबरोबरच ‘हे कशावरून?’ असे विचारण्याचीही सवय लावली होती. त्यांनी हा मजकूर वाचला असता, तर समासात लाल शाईने तोच प्रश्न लिहिला असता. तरीही लिहिते आहे, कारण एका फोटोच्या कोपऱ्यातील चार बोटे जागेने मला अडवून धरले आहे. ती जागा कोणती, ते ओघाने सांगेन.

निवृत्तीनंतर मी कॅमेरा घेतला. लोकांना मी ‘छंद म्हणून’ असे सांगितले. खरे कारण असे की मला फोटोत यायची फार लाज वाटते. लग्नाकार्यात ग्रुप फोटोची हाक आली की मी चहाचे काय झाले ते पाहायला आत जाते. ज्याच्या हातात कॅमेरा असतो, त्याला फोटोत बोलावत नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

कोणता कॅमेरा घ्यावा याचा अभ्यास मी चार महिने केला. त्यासाठी वही केली. छिद्र, गती, संवेदनशीलता — तिन्हींचा परस्परसंबंध त्रिकोण काढून मांडला. शेवटी ती वही घेऊन गजाननकडे गेले. गजानन माझा जुना विद्यार्थी. आता पन्नाशीला आला आहे आणि चिखलीत त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे. त्याने वही शेवटपर्यंत वाचली आणि एवढेच विचारले, “बाई, हे समदं खरं. पण तुम्हाले फोटो काढाचा कायचा हाये?”

मला हा प्रश्न पडलाच नव्हता. थोडा वेळ विचार करून मी म्हटले, “चेहऱ्यांचा.”

मग त्याने माझ्या यादीतील लांबलचक झूम लेन्स खोडली. पक्षी काढायचे असतील तर ती. चेहऱ्यांसाठी पन्नास एमएमची साधी लेन्स पुरे, आणि नवशिक्याने नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेऊच नये, असे त्याचे मत पडले. त्याच्याकडची वापरलेली, आत आरसा नसलेली ‘मिररलेस’ बॉडी मी घेतली. शटर आजवर किती वेळा उघडले, हे कॅमेऱ्यात नोंदलेले असते. तो आकडा मी त्याच दिवशी वहीत उतरवला आणि फायलींचे क्रमांक एकपासून सुरू करून घेतले. (पहिल्या दिवशीचे अकरा फोटो संपूर्ण काळे आले. लेन्सचे झाकण काढायचे राहिले होते. गजाननला मी हे अद्याप सांगितलेले नाही.)

आता मामीविषयी.

माझी मामी चिखलीजवळच्या उंद्रीला राहते. लहानपणी मी तिच्याकडेच राहून शिकले. मामाची पिठाची गिरणी होती. अंगात बनियन, भुवयांवर पीठ, हीच त्याची ओळख. मामाला जाऊन सहा वर्षे झाली. तो गेला तेव्हा घरात त्याचा एकही धड फोटो नव्हता. एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून त्याचे डोके कापून, तिथल्या एका स्टुडिओवाल्याने ते मोठे करून दिले — निळ्या कोटासह, टायसह. कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत स्टुडिओचे नाव. ती फ्रेम भिंतीवर लागली, तिला चंदनाच्या सालींचा हार चढला, आणि तेव्हापासून मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “मुंडकं याईचं हाये. कोट कोनाचा हाये, ते मले अजून मालूम नाई.”

मामीची स्वतःची अडचण वेगळी. आजवरच्या प्रत्येक फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत. लग्नाच्या फोटोत मिटलेले, मुलाच्या बारशात मिटलेले, सरकारी कार्डावर तर ती उभ्याउभ्या झोपल्यासारखी दिसते. एकदा मामा तिला मुद्दाम चिखलीला स्टुडिओत घेऊन गेला होता. फोटोग्राफरने तीन वेळा ‘एक, दोन, तीन’ म्हटले आणि तिन्ही वेळा तिने ‘तीन’ला डोळे मिटले. तेव्हा मामा म्हणाला होता, “इले उलटी बसवा भाऊ, पाठ करून. मंग उघडीन डोये.” हा विनोद उंद्रीत पुढे कितीतरी वर्षे चालला.

यंदा मामीला ऐंशी पूर्ण होणार, म्हणून मामाशेजारी लावायला तिचाही फोटो करून घ्यावा, असे ठरवून तिच्या मुलाने मामाला कोट चढवणारा तोच स्टुडिओ गाठला. स्टुडिओवाल्याने तोडगा सुचवला: मिटल्या डोळ्यांचा फोटो चालेल, कॉम्प्युटरवर दुसऱ्या कोणा बाईचे डोळे बसवून देतो. मामी त्या दिवशी जेवली नाही. मला बोलावून घेतले आणि म्हणाली, “दुसरीच्या डोयानं याईच्याकडं पाहू का मी? वळखतीन तरी का मले? मी गेल्यावर पोरं हेच करतीन, विमल. तू काढ. माहे डोये माहेच पाह्यजे.”

इतक्या विश्वासाने मला कोणी काही सांगितल्याला बरीच वर्षे झाली होती. मी होकार दिला आणि घरी येऊन घाबरले.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही बसलो. मांडणी नीट सांगते, कारण पुढे तीच महत्त्वाची आहे. मामीच्या घराची पुढची खोली चौकोनी. दार पूर्वेला, दाराबाहेर अंगणात गिरणीचा जुना दगड पडलेला असतो, त्यावर बसून मामी भाजी निवडते. दारासमोरच्या भिंतीवर, सात फूट उंचीवर, मामाची फ्रेम. मी मधोमध खुर्ची ठेवून मामीला दाराकडे तोंड करून बसवले, म्हणजे उजेड चेहऱ्यावर येईल आणि मामा मागे दिसेल. कॅमेरा ट्रायपॉडवर, उंबरठ्यापाशी. फ्लॅश नाही. मामीची सून स्वयंपाकघरात होती. घरातले एकुलते एक स्टूल शेजारी मिरच्या वाळत घालायला नेलेले होते, हे तिने नंतर दोनदा सांगितले.

मी सर्व उपाय केले. सलग दहा फोटो काढणारी सोय वापरली. पहिल्या ‘खट्’च्याही आधी डोळे मिटले जात. न मोजता बटण दाबले. बोलण्यात गुंतवून दाबले. माणसाचा डोळा शोधून त्यावर हिरवी चौकट आणणारी सोय या कॅमेऱ्यात आहे. ती चौकट मामीच्या चेहऱ्यावर क्षणभर भटके आणि मग सरळ वर जाऊन भिंतीवरच्या मामाच्या डोळ्यावर स्थिर होई. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन हसू लागली. सासूला म्हणाली, “आत्याबाई, मामंजी पाहा कसे टकाटका पाहून राह्यले, तुमीच लाजता.”

अर्ध्या तासाने मी स्क्रीनवर वाकून एकेक फोटो तपासत होते. सगळे मिटलेले. मी पुन्हा पहिल्यापासून पाहू लागले. तेवढ्यात मामी खुर्चीत मागे वळली आणि फ्रेमकडे पाहून म्हणाली, “अवो, तुमीच सांगा इले. पुरं कर म्हना.” आणि ती हसली. मी मान वर केली नाही. फक्त हसणे ऐकले. मग तिला पुन्हा सरळ बसवून आणखी बावीस फोटो काढले. तेही मिटलेले. भाकर आणि ठेचा खाऊन मी परत आले. मामीने निरोप देताना पाठीवर हात फिरवला, ते जास्तच लागले.

संध्याकाळी लॅपटॉपवर फायली पाहत होते. बाराशे तेरा, मिटलेले. बाराशे चौदा —

मामीचे डोळे उघडे होते!

पूर्ण उघडे, पाणीदार, खट्याळ. वर पाहत हसणारे. मी घरात एकटी असूनही टाळ्या वाजवल्या. जमले, आपल्याला जमले, असे मोठ्याने म्हणाले. साधारण मिनिटभर मी छायाचित्रकार होते.

मग मागची बाजू दिसली. मामीच्या मागे मामाची फ्रेम असायला हवी होती. तिथे दार होते. उघडे दार, अंगण आणि अंगणात गिरणीचा दगड. दारात ट्रायपॉड, ट्रायपॉडवर माझा कॅमेरा. आणि कॅमेऱ्यावर वाकलेली, पांढऱ्या अंबाड्याची, चष्मा कपाळावर चढवलेली, पदर खोचलेली एक बाई. ती मी होते.

मला भीती वाटली का? प्रामाणिकपणे सांगते, आधी संकोच वाटला. अंबाडा अगदीच विस्कटला होता.

दुसऱ्या दिवशी गजाननला दाखवले. तो म्हणाला, “झ्याक हाये बाई. पन स्टुलावर कोन चढलं होतं?” मी मांडणी सांगितली, तशी त्याने खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली. फाइलमधली सगळी माहिती त्याने पाहिली: कॅमेरा माझाच, त्याच क्रमांकाचा, लेन्स तीच आणि वेळ मामी मागे वळली त्याच मिनिटाची. मग शटरचा आकडा काढला. मी विकत घेतल्यापासून फायली बाराशे छत्तीस झाल्या होत्या. शटर बाराशे पस्तीस वेळाच उघडले होते.

गजाननने दोनदा मोजले. मग म्हणाला, “तुम्ही मले भूमितीत नापास केलं होतं न बाई... आता तुम्हीच काढा हा कोन.”

मी काढला. उंद्रीला जाऊन खोली मोजली, आलेखाच्या कागदावर आराखडा घातला आणि फोटोतील दाराच्या कडा, खुर्ची, दगड यांवरून दृष्टिरेषा मागे वाढवल्या. सर्व रेषा एका बिंदूत मिळाल्या. तो बिंदू मागच्या भिंतीवर, सात फूट उंचीवर येतो. फोटोच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत काहीतरी तपकिरी, धूसर झुकलेले आहे. आधी मी तो लेन्सचा दोष समजले होते. पण त्या बिंदूवर बोट ठेवून मी वर पाहिले, तेव्हा काचेपुढे चंदनाच्या सालींचा हार लोंबत होता.

मामीला फोटो दाखवण्यापूर्वी मी पुष्कळ प्रस्तावना केली. तिने ती ऐकली नाही. लॅपटॉप मांडीवर घेतला, चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहत राहिली. तिला आश्चर्य वाटल्याचे काही दिसले नाही. उलट, उशिरा का होईना एखादे काम झाल्यावर माणूस मान हलवतो, तशी तिने मान हलवली.

“बराबर हाये,” ती म्हणाली. “इकडूनच पाह्यलं होतं मी. म्हनत नव्हते का ते, इले उलटी बसवा म्हनून?”

मी म्हटले, मामी, हे कसे शक्य आहे? कॅमेरा तर माझ्यापुढे होता.

“मले काय इचारते? म्या तं फक्त वर पाह्यलं.” मग तिने पडद्यावर बोट टेकवले. “अन् हे पाय, तू बी आली यात. लई लपत होती न फोटोतून? जागाच नाई ठेवली तुले लपाले.”

मी पाहिले. खरेच, मी इतकी मन लावून काही करताना कशी दिसते, हे मला आजवर ठाऊक नव्हते. फार वाईट दिसत नाही.

फोटो मोठा करून झाला आहे. मामीच्या मुलानेही दुसऱ्या बाईच्या डोळ्यांचा विषय सोडला. मामीला तो मामाच्या शेजारी, त्याच मापाच्या फ्रेममध्ये हवा आहे. ऐंशी पूर्ण होतील त्या दिवशी ती तो स्वतःच्या हाताने लावणार. ‘हार मंग घाला, कधी बी’ असे तिने सुनेला बजावले आहे. फक्त एक गोष्ट राहिली आहे. मामाच्या फ्रेमवर कोपऱ्यात स्टुडिओचे नाव आहे, तसे आपल्याही फ्रेमवर फोटो काढणाऱ्याचे नाव सोनेरी अक्षरांत असावे, असा तिचा हट्ट आहे. ‘ज्याचं काम, त्याचं नाव,’ असे ती म्हणते. कोणाचे लिहू, असे मी विचारले, तर म्हणाली, “शायेत तू शिकोत होती. तूच लिही.”

गजानन रोज फोन करतो. शटर मी दाबले नव्हते, तेव्हा माझे नाव लिहिणे खोटे ठरेल. दुसरे जे नाव मनात येते, ते मला सिद्ध करता येत नाही. आणि रिकामी जागा मामीला चालणार नाही. माझ्याकडे आराखडा आहे, आकडे आहेत, स्पष्टीकरण नाही.

वाचकहो, त्या चार बोटे जागेत मी कोणाचे नाव लिहू?