मूर्ती बाहेर कशी जाणार?

नारळ फुटला की बांधकाम सुरू झालं, असं लोकांना वाटतं. आमच्या घरात नारळ फुटेपर्यंत निम्मं काम उरकलेलं असतं, आणि ते निम्मं माझं. उभं राहतं ते नवरा बघतो. त्याच्या आधीचं सगळं, म्हणजे जागा बघणं, नकाशा तपासणं, किती माल लागेल ते काढणं, कोटेशन देणं, मी बघते. अष्टमी गावात पुलाजवळ आमचं एका खोलीचं ऑफिस आहे आणि घर जवळच वरशाला. ओळख करून दिली की माणसं म्हणतात, "म्हणजे तुम्ही कागदपत्रं सांभाळता." तेव्हा माझं डोकं जे फिरतं ते फिरतंच. फोनवर "स्क्वेअर फुटाला काय लावता?" असं विचारणाऱ्याला मी सरळ सांगते की दर हवा असेल तर आधी जागा दाखवा. जागा आणि तिथे वावरणारी माणसं बघितल्याशिवाय मी आकडा तोंडातून काढत नाही. नवरा ह्याला माझा हट्ट म्हणतो. म्हणेना.

पेणच्या एका काकींचं काम आलं तेव्हाही हेच झालं. काकींचा गणपतीचा कारखाना. यजमान गेल्यावर त्या एकट्याच तो चालवत होत्या. जुनी शेड मोडकळीला आली होती म्हणून शेजारच्या स्वतःच्या जागेत नवीन बांधायची होती. नकाशा तयार होता, आणि एका मोठ्या कंत्राटदाराने तो फोनवर बघूनच दर कळवून टाकला होता. मी नागोठण्यामार्गे पेणला पोचले, चहा घेतला आणि म्हटलं, नवीन जागा नंतर, आधी तुमचा जुना कारखाना दाखवा. काकींना ते विचित्र वाटलं असणार. जी शेड पाडायची ती बघून ही बाई काय करणार?

दारातच मी थांबले. भली मोठी सागाची चौकट, आणि तिच्या वरच्या पट्टीवर रंगांचे फराटे. सोनेरी, गुलाबी, पिवळा, मध्येच एक हिरवा. मला वाटलं, रंगकाम करणाऱ्या बायकांनी हौसेनं ब्रश पुसले असतील. तसं बोललेही. काकी हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की मोठी मूर्ती बाहेर काढताना मुकुट वर घासतो. दर वर्षी नाही म्हटलं तरी एखादी लागतेच. आत काही झालं तर गुपचूप दुरुस्त करता येतं. पण दारात लागली तर समोर मंडळाची पोरं ढोल घेऊन उभी असतात, आणि बाप्पाच्या मुकुटाचा टवका त्यांच्या डोळ्यांदेखत उडतो. आदल्या वर्षी एका मंडळाने तशी मूर्ती घ्यायला नकार दिला होता. वर्षानुवर्षांचं मंडळ, तोंड फिरवून दुसऱ्या कारखान्यात गेलं.

"गुलाबी हाय ना, तो त्याच मूर्तीचा," काकी म्हणाल्या. "आणखी एकदा असं झालं ना, तर ह्यांच्या मागं मी कारखाना बुडवला, असंच म्हणतील लोकं. नवीन दारात मला हे नको, मॅडम. बाकी काय पण चालंल."

झालं. मला काम कळलं. स्क्वेअर फूट गेले खड्ड्यात, मूर्ती न घासता दाराबाहेर गेली पाहिजे.

नकाशात दार जुन्यापेक्षा चांगलं वीतभर उंच होतं. कागदावर कोणीही म्हणेल, प्रश्न सुटला. माझं मन मानेना. पुराचं पाणी शिरू नये म्हणून नवीन जोतंही उंच धरलेलं, त्यामुळे दाराला लागून तीन पायऱ्या. त्या पायऱ्या मला खुपत होत्या, पण का ते सांगता येत नव्हतं. मग मी माझं नेहमीचं केलं. रिकाम्या जागेत चुन्याच्या फक्कीने अख्खा कारखाना जमिनीवर आखला. पायऱ्यांच्या जागी चिरे रचून तात्पुरत्या पायऱ्या केल्या, आत जोत्याच्या उंचीला फळ्या टाकल्या, दाराच्या दोन बाजूंना बांबू रोवले आणि वर चौकटीच्या उंचीवर सुतळी ताणली. येणारेजाणारे थांबून बघत होते. एकाने विचारलं, नाटक बसवताय काय? म्हटलं, हो, या तिकीट काढून.

काकींच्या चार कामगारांना पाटाला बांबू बांधून दिला, मोठ्या मूर्तीच्या उंचीचा. म्हटलं, हा गणपती, न्या बाहेर. चौघं गप्पा मारत मारत दारातून आले, पायऱ्या उतरले, सुतळी जरासुद्धा हलली नाही. बरोबर आलेला नवरा माझ्याकडे बघून हसला. म्हणजे, झालं ना समाधान, दे आता कोटेशन. पण पुढचा एक गडी चक्क शीळ घालत होता. गणपती नेताना शीळ कोण घालतं? मी काकींना म्हटलं, बांबू नको, मूर्ती आणा.

काकींच्या जिवाची घालमेल दिसत होती. रंग नसला म्हणून काय, मूर्ती ती मूर्ती. शेवटी त्यांनी कोपऱ्यात ठेवलेली, हात तडकलेली एक मोठी कच्ची मूर्ती दिली, आणि आधी तिला नमस्कार केला. चौघांनी पाट उचलला. आता कोणी बोलेना. पहिली दोघं दाराबाहेर आली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मूर्ती पुढे झुकू नये म्हणून दोघांचे हात आपोआप वर गेले. कोणी सांगितलं नव्हतं. मागची दोघं अजून आतच होती. मूर्ती वर उचलली गेली, मागे कलली, आणि मुकुट सुतळीला लागून सुतळी तटकन तुटली.

मी ओरडलेच, "तिथेच थांबा!" चौघं बिचारे घाबरले. त्यांना वाटलं, चुकलं काहीतरी. अहो, चुकलं नव्हतं, सापडलं होतं! दार कितीही उंच करा, पायरी दाराला चिकटलेली आहे तोवर माणूस हात वर करणारच. बाप्पाला सांभाळायलाच करतो आणि त्यातच टवका उडतो. खरं सांगते, त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. काकी तुटलेल्या सुतळीकडे बघत राहिल्या.

उपाय सोपा होता आणि महागही. दाराबाहेर सपाट ओटा हवा, चौघं मूर्तीसकट पूर्ण बाहेर येऊन उभे राहतील एवढा. पायऱ्या काढायच्या, आणि त्या ओट्यापुढे लांब, सावकाश उतार. पण रस्त्याच्या बाजूला तेवढी जागा नव्हती, म्हणजे इमारत मागे सरकवायची, म्हणजे कारखाना लहान होणार. आमचं कोटेशन तयार झालं तेव्हा नवऱ्याने ते वाचून डोक्याला हात लावला. जागा कमी आणि पैसे जास्त, असं कोटेशन देऊन कोणाला काम मिळतं का, असं त्याचं म्हणणं. म्हणाला, निदान उतार तरी वेगळा दाखव, आकडा लहान दिसेल. मी म्हटलं, नाही. उतार वेगळा दाखवला की लोक पहिल्यांदा तोच कापतात. काम गेलं तरी चालेल, पण त्या दारात टवका उडाला तर मला पेणमध्ये तोंड दाखवायला जागा नाही. दोन दिवस आमच्यात अबोला होता. तिसऱ्या दिवशी कोटेशनवर त्यानेच सही केली.

पुढे काय झालं ते काकींनी नंतर सांगितलं. दोन्ही कोटेशनं समोर ठेवून त्यांनी त्या मोठ्या कंत्राटदाराला फोन लावला आणि एवढंच विचारलं की मूर्ती बाहेर कशी जाणार? तो म्हणाला, "दारातून." काकींनी फोन ठेवला आणि मला लावला. "मॅडम, काम तुमचं."

कारखाना उभा राहिला. नवऱ्याने ओट्याला आणि उताराला असा काही हात लावला की गाडगं घेऊन चाललात तरी पाणी हिंदकळू नये. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे म्हणते. सुताराने जुनी सागाची चौकट तासून परत वापरू असं सुचवलं होतं. काकींनी ऐकलं नाही, नवीनच करून घेतली.

ह्या वर्षी सगळ्यात मोठी मूर्ती निघायची होती त्या दिवशी मी पेणला गेले. बोलावलं नव्हतं, पण ऑफिसात बसवेना. बाहेर टेम्पो, ढोल, गुलाल. जे मंडळ रुसून गेलं होतं तेही लांबून बघायला आलेलं. चौघांनी पाट उचलला. मी मूर्तीकडे बघतच नव्हते, त्यांचे हात बघत होते. पुढची दोघं दाराबाहेर आली, ओट्यावर चालत राहिली. हात होते तिथेच राहिले. मागची दोघं बाहेर आली. मग उतार, मग टेम्पो. ढोल वाजायला लागले.

मिरवणूक वळणापलीकडे गेली. काकी आतून एक स्टूल घेऊन आल्या आणि दारात ठेवलं. पदर सावरत वर चढल्या, पदराचं टोक चौकटीच्या वरच्या पट्टीवरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. खाली उतरून पदर माझ्यासमोर धरला. पांढरं लुगडं, पांढरंच होतं.

"आता तू चढ गो," त्या म्हणाल्या. इतके महिने मला मॅडम म्हणत होत्या. "तू पण हात लावून बघ. तुझी चौकट हाय."

काकींनी स्टूल धरलं आणि मी वर चढले.